कांचनबाईंचा पाय

ओटाहुहुतल्या मराठी घरांत कांचनबाईंपेक्षा त्यांचा उजवा पाय जास्त ओळखीचा होता. कुणाची पाठ धरली, बाळाला उचलताना कुणाला उसण भरली, की रवींद्रच्या घरी फोन यायचा, "आजी आहेत ना? उद्या सकाळी येतो." मग तो माणूस उजाडताच, रिवाजाप्रमाणे तोंडसुद्धा न धुता, गाडी काढून यायचा आणि मागच्या लाकडी डेकवर पालथा पडायचा. कांचनबाई भिंतीला हात टेकून त्याच्या दुखऱ्या जागेला तीनदा पाय लावायच्या. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी माणूस ताठ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळूचा पाय लागला की उसण पळते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. न्यूझीलंडसारख्या मुलखात असं माणूस सापडलं, याचं सगळ्यांना मोठं अप्रूप.

पण कांचनबाई पायाळू नव्हत्या. पायाळू होती त्यांची धाकटी बहीण मधू. तीही तिकडे कराडजवळच्या गावात, समुद्रापलीकडे.

लहानपणी मधूपुढे माणसं रांग लावत. वीज कडाडली की आई मधूला कुशीत घेऊन बसायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. कांचनला म्हणायची, "तू जा गं, दोरीवरचे कपडे काढ." कांचन भिजत कपडे काढायची. त्या पोरीचं मन साठ वर्षं तिथंच दोरीपाशी उभं राहिलं होतं की काय कोण जाणे.

नवरा गेल्यावर त्या मुलाकडे आल्या. दोन हजार दोन साल. मुलगा रवींद्र इंजिनिअर, सून मृणालिनी बँकेत. दोघं सकाळी गेले की घरात फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला. पहिल्याच गणपतीत रवींद्रच्या मित्राकडे सगळे जमले होते. कांचनबाई दोन तास कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर बसून होत्या. येणारा जाणारा विचारायचा, "आजी, पाणी देऊ?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायचा. तेवढ्यात टेबल उचलताना एका माणसाच्या कमरेत चमक भरली. तो जागीच वाकून राहिला. कुणीतरी हसत म्हणालं, "आता पायाळू कुठून आणायचा इथे?"

"मी आहे," कांचनबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. दोन तासांत पहिल्यांदा.

गाडीतून घरी येताना रवींद्र म्हणाला, "आई, तू पायाळू आहेस हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

मृणालिनी पुढच्या सीटवर हसली. विषय तिथंच मिटला. तो माणूस तीन दिवसांनी खरंच बरा झाला. उसण ही तशीही तीन दिवसांचीच पाहुणी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण फांदीचं श्रेय कावळ्याने घेतलं. पुढे फोन येत गेले. हळदीकुंकवात त्यांना मधली खुर्ची मिळू लागली. खोटं त्या रोज बोलत नव्हत्या, एकदाच बोलल्या होत्या. बाकीचं लोकच बोलत होते. मनाची समजूत अशी घालता येते.

दुसऱ्या वर्षी सागर राहायला आला. मृणालिनीच्या मावसबहिणीचा दीर, जळगावचा, इथल्या कॉलेजात डिप्लोमा करायला आलेला. तिकडे तो राज्याच्या संघातून बेसबॉल खेळला होता. इथे येऊन बघतो तर सगळा देश रग्बीचा, उरलेला क्रिकेटचा. तरी ओटाहुहुजवळच्या एका मैदानावर बेसबॉलचा छोटा क्लब होता. उन्हाळा आला, म्हणजे आपल्याकडे थंडी पडते तेव्हा, की शनिवार-रविवार सामने व्हायचे. खेळणारे सगळे हौशी. कुणी रंगारी, कुणी ट्रक चालवणारा, कुणी विद्यार्थी. कपडे पदरचे. बघायला बायका, आया आणि दोन-चार कुत्री. सागर पिचर होता, म्हणजे बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारा. त्याचा चेंडू घेणारा कॅचर होता शेजारच्या, टोंगा बेटावरून आलेल्या टोंगन घरातला तेविता. दांडगा, हसरा, आठवडाभर लाकडाच्या वखारीत फळ्या उचलणारा.

बॅटवाल्याच्या मागे तासन्‌तास उकिडवं बसून तेविताची कंबर धरली. सागरने त्याला कुंपणावरून हाक मारून डेकवर आणून पाडलं.

"काकू, याला पण लावा. जनावर आहे, जरा जोरात."

"तोंड धुतलंय का विचार."

सागरने इंग्रजीत विचारलं. तेविता पालथ्यानेच काहीतरी बोलला.

"म्हणतो, आईने कालपासून आंघोळीलाही जाऊ दिलं नाही."

कांचनबाई पोट धरून हसल्या. तीन दिवसांनी तेविता उड्या मारत आला आणि दारात तारोच्या कंदांची टोपली ठेवून गेला. त्या दिवसापासून तो त्यांना "आंटी" म्हणू लागला.

जानेवारीत बातमी आली की अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाचा एक निवडकर्ता येतोय. तो रविवारच्या सामन्यात सागर आणि तेविता या दोघांनाच बघणार. बेसबॉलमध्ये पोट भरतं ते अमेरिकेत. इथून आजवर क्लबचा एकच खेळाडू तिकडे गेला होता, त्याचा फोटो क्लबहाउसच्या भिंतीवर लावलेला. सागर त्या फोटोखालून जाताना वर बघत नसे. एकदा म्हणाला होता, "काकू, दृष्ट लागेल माझीच मला."

आणि त्याच आठवड्यात सागरचा खांदा दुखायला लागला.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला तो डाव्या हाताने भात खात होता. म्हणाला, "फिजिओ म्हणतो, पंधरा दिवस हात उचलायचा नाही. पंधरा दिवसांनी काय त्या अमेरिकेवाल्याला पोस्टकार्ड टाकू, की आता फेकतो, बघा?"

"ऐक त्याचं," मृणालिनी म्हणाली.

"वहिनी, काकू आहेत ना. तेविताची कंबर तीन दिवसांत सोडवली. उद्या, परवा, तेरवा. तीन दिवस होतात बरोबर."

"आई, खांदा आहे तो, उसण नाही," मृणालिनी म्हणाली. तिने साधंच म्हटलं होतं, पण कांचनबाईंना ते लागलं. सुनेने चारचौघांत आपल्या पायावर शंका घ्यावी! तेव्हा मागे सरायला वाट होती. "मला खांद्यातलं कळत नाही, बाबा" एवढं म्हटलं असतं तरी खोटं झाकलेलंच राहिलं असतं आणि पोराचा हात वाचला असता. त्या म्हणाल्या, "पायाळूला काय गं, कंबर काय आणि खांदा काय. तीन दिवसांत बरा होशील तू, सागर."

पाय लावल्याने काही बिघडलं नाही. बिघडलं ते या वाक्याने.

रविवारी चौथ्या इनिंगपर्यंत सागरने असे चेंडू फेकले की जाळीमागचा पांढऱ्या टोपीवाला अमेरिकन दोनदा उठून उभा राहिला. कांचनबाई सावलीत बसून जपमाळ ओढत होत्या, आणि कुणाला खोटं वाटेल, पण त्या घटकेला त्यांचाही स्वतःवर विश्वास बसला होता. मग एक चेंडू हातातून निघाला तो समोर न जाता बाजूच्या मातीत आपटला. सागर ओरडला नाही. उजवा हात त्याने डाव्या हाताने पोटाशी धरला, तान्हं मूल धरावं तसा, आणि खाली बसला. तेविता तोंडावरची जाळी फेकून धावत आला.

हॉस्पिटलात डॉक्टरने आतलं काय काय फाटलंय ते सांगितलं. ऑपरेशन होईल, रोजचं काम करता येईल, पण तसं फेकणं आता नाही. रवींद्र आणि मृणालिनी कागद भरायला बाहेर गेले. खाटेपाशी कांचनबाई एकट्या. सागर छताकडे बघत म्हणाला, "काकू, तुमचा दोष नाही. मीच घाण केली. पहिल्या दिवशी सवयीने ब्रश करून बसलो होतो. तुम्हाला सांगितलं नाही. वाटलं, तेवढ्याने काय होतंय."

कांचनबाईंनी त्याच्याकडे बघितलं. तेवीस वर्षांचा मुलगा. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "तरीच."

एवढा एकच शब्द. नंतर त्यांनी तो कितीदा तरी मनात परत गिळायचा प्रयत्न केला, पण बोललेलं गिळता येत नाही.

तेविताला त्या अमेरिकनाने निवडलं. तो गेला. पहिली वर्षं लहान गावांच्या संघांतून बसने फिरला, मग वरच्या संघात चढला, मग त्याच्या आईने कुंपणावरून सांगितलं की आता तो टीव्हीवर दिसतो. सागरने डिप्लोमा पुरा केला, इथलाच रहिवासी झाला, स्वयंपाकघराची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबनिसाच्या जागेवर लागला. लग्न केलं, दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. संध्याकाळी त्याच क्लबात पोरांना शिकवायचा. शिकवताना तो चेंडू डाव्या हाताने फेकायचा. उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. दिवाळीला पाया पडायला आला की कांचनबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि नजर दाराबाहेर न्यायच्या. फोन अजून यायचे. पाय दुखतो म्हणून त्यांनी बऱ्याच जणांना परत पाठवायला सुरुवात केली होती. सांगायचं मात्र राहिलंच होतं. आज नाही, या वर्षी नाही, असं करत सहा वर्षं गेली.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात तेविता सुट्टीला घरी आला. क्लबने त्याचा सत्कार ठेवला. हौशी म्हणून इथे खेळून पुढे ज्यांनी नाव काढलं त्यांचे आता भिंतीवर तीन फोटो झाले होते, तिसरा तेविताचा. रवींद्र कामासाठी वेलिंग्टनला गेला होता, म्हणून सागरच कांचनबाईंना घेऊन आला. मैदानाच्या कडेला तव्यावर कुणी सॉसेज आणि कांदे परतत होतं, पोरं पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत पळत होती. तेविता माइकवर बोलला. मधेच हसून त्याने कांचनबाईंकडे बोट केलं. सागर त्यांच्या कानाशी सांगत होता, "म्हणतो, अमेरिकेत माझ्या पाठीला चार डॉक्टर आहेत, पण माझी आंटी एका पायात काम करायची."

लोक टाळ्या वाजवत हसले. कांचनबाईंना क्लबची टोपी घातली. सागरही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांपेक्षा जोरात.

नंतर त्या झाडाखालच्या बाकावर पावात कांदा घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात सागर एका बाईंना घेऊन आला.

"काकू, या स्वानंदीताई. पुण्याच्या. यांचा अक्षत माझ्या टीमचा पिचर आहे. तो बघा, तिकडे."

पलीकडे जाळीपाशी सतरा वर्षांचा उंच मुलगा चेंडू फेकत होता. प्रत्येक चेंडूनंतर हात झटकत होता.

"शुक्रवारी अमेरिकेतल्या कॉलेजचे लोक येताहेत," सागर म्हणाला. "आणि नेमकं याचं कोपर धरलंय. फिजिओ म्हणतो विश्रांती. मी ताईंना म्हटलं, आपल्याकडे काकू असताना काय काळजी करता?"

स्वानंदीने वाकून नमस्कार केला. "आजी, उद्या किती वाजता आणू? तोंड धुवायचं नाही ना?"

"ब्रशसुद्धा नाही हं, ताई," सागर हसत म्हणाला. "मी तीच चूक केली. बसलोय आता कपाटांचे हिशेब करत."

कांचनबाईंनी पाव बाकावर ठेवला. पोराने सहा वर्षं ते ओझं बाळगलं होतं आणि आता तो ते दुसऱ्याला शहाणपण म्हणून वाटत होता. हसत हसत वाटत होता.

"तू चूक केली नव्हतीस," त्या म्हणाल्या.

"असू दे हो, काकू. जुनं झालं."

"जुनं नाही. मी पायाळू नाही, सागर."

त्याला वाटलं, म्हातारी विनय करते आहे. "मग तेविताचं काय?"

"त्याची कंबर आपली आपणच बरी झाली असती. सगळ्यांची झाली. पायाळू माझी बहीण आहे. मला तिकडे दोरीवरचे कपडे काढायला पाठवायचे." शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून कसं आलं ते त्यांनाही कळलं नाही. त्या थांबल्या, पदराने तोंड पुसलं. "गणपतीत मला कुणी विचारत नव्हतं म्हणून बोलून गेले. मग मागे फिरता आलं नाही. फिरले नाही."

स्वानंदी एकदा कांचनबाईंकडे, एकदा सागरकडे बघत होती. सागरच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. कुठे जावं ते त्याला कळत नसावं.

"तुम्हाला माहीत होतं? माझ्या वेळी?"

"हो."

"हॉस्पिटलात, मी ब्रशचं बोललो तेव्हा?"

"तेव्हाही."

"तुम्ही 'तरीच' म्हणालात," तो म्हणाला.

कांचनबाईंना वाटलं होतं की तो शब्द फक्त आपल्यालाच आठवतोय. त्यांनी मान हलवली. पायाखालच्या गवतात एक मुंगी पावाचा कण ओढत नेत होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, कारण बघायला दुसरी जागा नव्हती.

सागर वळला आणि जाळीकडे ओरडला, "अक्षत! बॉल खाली ठेव."

"वन मोअर, कोच."

"खाली ठेव म्हटलं ना." तसा आवाज त्याचा कुणी ऐकला नव्हता. मुलाने चेंडू खाली ठेवला. सागर स्वानंदीला म्हणाला, "ताई, फिजिओ सांगेल तेच करायचं. शुक्रवारी नको म्हणाला तर नको."

"पण ते लोक परत कधी—"

"नाही आले तर नाही आले. हात राहील."

स्वानंदी मुलाकडे निघाली. चार पावलं जाऊन थबकली. "आजी, गेल्या वर्षी आमच्या यांची पाठ..." म्हणाली, आणि वाक्य तसंच सोडून गेली. तासाभरात हे मैदानभर होणार आणि रविवारपर्यंत दूरच्या पोरिरुआतल्या मराठी घरांपर्यंत पोचणार, हे कांचनबाईंना कळलं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. समोर उभ्या असलेल्या एकाच माणसाचं वाटत होतं.

तेवढ्यात तेविता हात पसरून आला. भिंतीवरच्या फोटोखाली त्याला आंटीबरोबर फोटो काढायचा होता. क्लबचा माणूस कॅमेरा घेऊन मागे उभाच होता.

सागरने तेविताला इंग्रजीत दोन शब्द सांगितले. त्यातला 'टायर्ड' कांचनबाईंना कळला. आंटी दमली आहे, नंतर बघू, असं तो म्हणत होता. इतकं ऐकूनही तो त्यांना झाकत होता. याची त्यांना जेवढी लाज वाटली तेवढी खोटं बोलल्याचीही वाटली नव्हती.

"टायर्ड नाही म्हणावं," त्या म्हणाल्या. "खरं सांग त्याला."

"मी नाही सांगणार," सागर म्हणाला. आवाज शांत होता. "तुमचं आहे, तुम्ही सांगा."

कांचनबाईंना इंग्रजी येत होतं ते दूध, बस आणि थँक्यू एवढ्यापुरतं. त्या उठल्या. बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"तेविता," त्या म्हणाल्या, "माय फूट, नो. माय सिस्टर फूट, येस. मी लाय." मग सागरच्या उजव्या खांद्याकडे बोट केलं. "ही डू नथिंग राँग. मी राँग."

तेविता आधी हसला. ही आंटीची काहीतरी गंमत असणार. मग त्याने सागरकडे पाहिलं, सागरच्या खाली लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याचं तोंड मिटलं. त्याने सागरला हलक्या आवाजात काही विचारलं. सागरने नुसती मान डोलावली. कॅमेरावाल्याने "रेडी?" म्हणून विचारलं. तेविताने हातानेच त्याला जायला सांगितलं.

मग तो एवढा मोठा माणूस बाकावर सागरला घेऊन बसला. दोघांचे खांदे एकमेकांना टेकले होते. दोघंही मैदानाकडे बघत होते. तिथे धाकट्या पोरांचा सामना सुरू झाला होता आणि कुणीतरी पहिला चेंडू फेकत होतं. कांचनबाई त्यांच्यापुढे उभ्या होत्या. बाकावर तिसऱ्या माणसाला पुरेल एवढी जागा होती. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही, आणि त्या बसल्या नाहीत.